कुंपणावरचा बेल

अमेरिकेत, कॅरी गावातल्या घरामागच्या कुंपणावर उल्हास देशकरांना बेल सापडला तो नेमका श्रावणी सोमवारच्या आदल्या दिवशी. एका देठाला तीन हिरवीगार पानं. नागपूर सोडल्यापासून त्यांच्या महादेवाला बेल मिळाला नव्हता, त्यामुळे त्यांनी टोपलीभर खुडला.

"बेलाचं झाड असतं, हा वेल आहे," प्रीता, त्यांची बायको, म्हणाली.

"अमेरिकेत वेल होत असेल. इथली ढोबळी मिरची पाहिली ना, केवढी असते!"

या युक्तिवादापुढे प्रीतानं हात टेकले. उल्हासनी पानं भक्तिभावानं दोन्ही डोळ्यांना लावली, फोटो ग्रुपवर टाकला आणि गाडी काढून ओळखीच्या घरोघरी बेल वाटून आले. पहिला मान राजाराम काकांचा, कारण रुद्र म्हणायला सगळीकडे तेच जायचे.

मंगळवारी सकाळी उल्हासचे डोळेच उघडेनात. चेहरा टम्म फुगलेला, हातांवर फोडांच्या रांगा. ऑफिसच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून ते दोन्ही हातांनी खाजवत "येस, येस" म्हणत राहिले. शेवटी प्रीतानं त्यांना इशिताकडे नेलं. राजाराम काकांची ही मुलगी इथेच जन्मलेली, त्वचेची डॉक्टर. तिनं फोटो पाहिला मात्र, तिला हसू आवरेना.

"उल्हास काका, हे पॉइझन आयव्ही आहे! पानांतलं तेल स्किनला लागलं की ॲलर्जी येते. कॉन्टॅक्ट डर्मटायटिस."

"म्हणजे बिब्बा उततो तसं?"

"एक्झॅक्टली, बाबा पण असल्या ॲलर्जीला बिब्बाच म्हणतात. लगेच साबणानं धुतलं असतं तर एवढं झालं नसतं. हात अजून कुठे लागले?"

"स्टिअरिंग, रिमोट, फोन..."

"आणखी?"

उल्हास छताकडे बघू लागले.

"पानं तोडून थेट बाथरूमला गेले होते," प्रीतानं सांगून टाकलं.

इशितानं निर्विकार चेहऱ्यानं गोळ्या लिहिल्या. सूज चेहऱ्यावर आणि 'इतरत्र' असल्यामुळे नुसत्या मलमानं भागणार नव्हतं. खाज सुटली की गार पाण्याच्या घड्या आणि कॅलामाइन. नखं कापायची. फोडांतल्या पाण्यानं हे पसरत नाही, पण तेल वस्तूंवर टिकतं, म्हणून कपडे धुवायचे आणि फोन, स्टिअरिंग पुसायचं, तेही हातमोजे घालून.

"आजच तो वेल जाळून टाकतो!" उल्हास गरजले.

"अजिबात नाही! धूर छातीत गेला तर हॉस्पिटलमध्ये जाल. वेल काढायला माणूस बोलवा."

घरी येऊन पाहतात तर ग्रुपवर सुजलेल्या हातांचे फोटो. गुलाबी कॅलामाइन फासून उल्हासनी एकेकाला फोन लावला, माफी मागितली आणि साबणापासून गोळ्यांपर्यंत सगळं समजावलं. कोणी ओरडलं, बरेचसे हसले. दोन-तीन आठवड्यांत सगळ्यांची कातडी ताळ्यावर आली.

राजाराम काकांना मात्र पुरळाचा ठिपकाही उठला नाही. एकेक पान हातानं वाहूनही! उल्हास भेटायला गेले तेव्हा काका ऐटीत म्हणाले, "ही भक्ती, उल्हास! तुझं लक्ष फोटोत होतं."

"बाबा, काहींना पहिल्यांदा होत नाही," शेजारी बसलेली इशिता म्हणाली. "नेक्स्ट टाइम होऊ शकतं."

काका हसले. मग उठले, आत गेले आणि बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला.