वाशीम ते धनज, सुजाताच्या नाकानं

यजमानांच्या स्मृतिदिनाला यंदा धनजला जायचंच, असं माझ्या चोवीस वर्षांच्या मुलीनं ठरवलं. गेल्या वर्षी तिथं सुजाता अगरबत्तीच्या वासानं घाबरून घराबाहेरच राहिली होती. यंदा बाबांच्या फोटोपुढं तिला स्वतः फूल ठेवायचं होतं.

सुजाता स्वमग्न आहे. मी मिळेल ते वाचत गेले, तेव्हा उमगलं. आपलं नाक वासाला सरावतं, तिच्यासारख्या काहींचं सरावत नाही. मन घाबरलं की वास वाढतो, वास वाढला की मन आणखी घाबरतं.

असं कुणी सोबत असेल तर सकाळची पहिली एसटी धरा. गर्दी कमी, बायकांना अर्धं तिकीट. खिडकी मात्र पुढची घ्या. कारंजाच्या स्टँडवर भज्यांची कढई चढलेली होती, म्हणून आम्ही लांब झाडाखाली भाकर खाल्ली. पूर्वी इथं हे मला भजी घेऊन द्यायचे आणि लहानग्या सुजाताला खांद्यावर घेऊन लांब जाऊन उभे राहायचे. पुस्तक न वाचता त्यांना ते कळलं होतं.

पुढं ऑटोनं धनज. तुरी फुलल्या होत्या. नणंदेच्या, शांताबाईंच्या घरी बुद्धवंदनेची तयारी झाली होती. सुजाता दारातूनच फिरली, ओट्यावर नाक दाबून बसली.

"बापापुढं याले नाक दाबते काय वं?" शांताबाई कडाडल्या.

"बाई, तिले खरंच सहन होत नाही," मी म्हटलं.

पुटपुटत त्यांनी अगरबत्त्या उचलल्या, अंगणाच्या पार टोकाला मातीत खोचल्या. "मेणबत्ती तं चालते ना? का तिचाही वास येते?"

"येते. पण चालते," सुजाता म्हणाली.

वारा फिरल्यावर ती आत आली. फूल ठेवलं. मग आत्याला खेटून बसली आणि तिच्या खांद्याला नाक लावलं.

"काय हुंगून राह्यली?"

"बाबा."

"तेल हाय ते, पोरी. नाही तं साबण."

"नाही. त्याच्या खालचा."

शांताबाई पदर तोंडाला लावून तशाच बसून राहिल्या, खांदा न हलवता.

निघताना मी त्यांना जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मला फक्त चुलीचा धूर आला. सुजाताच्या बाबांचा वास मला आठवत नाही, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तो संपला असंच धरून चालले होते.

काल शांताबाईंचा फोन आला. "वैनी, मी साबण बदलला तं चालन का वं तिले?"

मी फोन सुजाताला दिला.

"चालते," ती म्हणाली. "खालचा तोच राह्यते."