त्या दिवशी मी पॅड लावले नव्हते

भानामती, अंगात येणं, कुणी तरी दिसणं... असले विषय निघाले की मी आजवर भांडतच आले आहे. लातूरच्या एका सेंटरमध्ये गेली चौदा वर्षं मी एमआरआयची टेक्निशियन आहे. "मशीनमध्ये जीव ओढला जातो का हो मॅडम?" असं विचारणाऱ्याला तोंडावर झापते. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय. तरी लिहिते, आणि यात माझा स्वतःचा एक गुन्हा आहे, तोही लिहिते.

माझे वडील, अप्पा, अहमदपूर डेपोला कंडक्टर होते. उभी हयात नांदेड-लातूर गाडीवर गेली. आई गेल्यापासून अहमदपूरच्या घरी एकटेच. रोज सकाळी स्टँडवर जायचं, रिटायर मंडळींसोबत चहा घ्यायचा, येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारायची — एवढंच त्यांचं जग. दोन वर्षांपूर्वी विसरायला लागले तेव्हा नांदेडला त्यांच्या मेंदूचा एमआरआय केला होता. यंदा घरातला गॅस दोनदा चालू राहिला. माझा थोरला भाऊ म्हणाला, "बस झालं. घर बंद करू आणि त्यांना लातूरला आणू." अप्पांनी एकच अट घातली. "नव्या फोटोत दुखणं वाढलेलं निघालं तर मुकाट्यानं येतो. न्हाई निघालं तर मला हितंच राहू द्या."

आता इथे थोडं समजावून सांगावं लागेल. मेंदूत आठवणी सांभाळणारा करंगळीएवढा एक भाग असतो. तो किती आक्रसला हे मापलं की आजार किती पुढे गेलाय त्याचा अंदाज येतो. पण नांदेडचं मशीन जुनं, एका कंपनीचं. आमचं नवं, दुसऱ्या कंपनीचं. एकच डोकं दोन्हीकडे ठेवलं तरी माप वेगळं येतं — एका दुकानात किलोभर भरलेला गूळ दुसऱ्या दुकानाच्या काट्यावर कमी भरावा, तसं. म्हणून आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी पाच धडधाकट माणसं निवडली, त्यातली एक मी. आठवडाभरात आम्ही पाचही जण नांदेडच्या आणि लातूरच्या, दोन्ही मशीनमध्ये झोपून आलो. प्रत्येकाचं माप लातूरला कमी आलं, आणि जवळजवळ सारखंच कमी आलं. तेवढा फरक धरला की अप्पांचं नांदेडचं जुनं माप आणि लातूरचं नवं माप शेजारी ठेवता येणार होतं.

"आता बाबांचा एक स्कॅन नीट काढ," मॅडम म्हणाल्या. "हलू देऊ नकोस. हलले तर माप गेलं, आणि या वयात त्यांना लगेच पुन्हा आत घालायला नको, मग सहा महिन्यांनी परत बघू."

त्या सहा महिन्यांवर माझं मन अडकलं ते अडकलंच.

मंगळवारी दुपारी अप्पा आले. मी त्यांना मशीनवर झोपवलं. डोकं हलू नये म्हणून दोन्ही कानांशी फोमचे पॅड घट्ट बसवायचे असतात. आजवर हजारो पेशंटना बसवलेत. त्या दिवशी मी ते कपाटातच राहू दिले. अप्पा दोन मिनिटं गप्प पडणारा माणूस नव्हे. मान हलणार, फोटो पुसट येणार, आणि त्यांना अहमदपूर अजून सहा महिने मिळणार... गॅस पुन्हा चालू राहिला तर काय, हा विचार मी मुद्दाम पुढे जाऊ दिला नाही.

काचेअलीकडे बसून मी बघत होते. खोलीत अप्पांशिवाय कुणी नव्हतं. दार एकच, ते माझ्या शेजारी. डोकं किती हलतंय याची एक रेष आमच्या स्क्रीनवर सरकत असते. जिवंत माणसाची रेष थरथरतेच — श्वासाने, नाडीने. अप्पांची पहिल्या मिनिटाला चांगली वरखाली झाली. मग एकदम सपाट झाली. मशीन तपासायला आम्ही रोज सकाळी पाण्याने भरलेला प्लास्टिकचा गोळा आत ठेवतो, त्याची येते तशी. मी माइकवर ओरडले, "अप्पा!"

"हाव, हाय मी," आतून आवाज आला.

बोलताना जबडा हलतो, रेष उडायला हवी. ती हलली नाही.

बाहेर काढलं तेव्हा ते अगदी शांत होते. उठून बसले आणि म्हणाले, "कोण होतं गं ते, डोकं धरून बसलेलं?"

"कुणी नव्हतं अप्पा."

"असं कसं? दोन्ही हातानं कानापाशी धरलं होतं. मी मान वळवली, तर हळूच सरळ केली. गरम हात. खरबरीत, कामाचे."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आईचे?"

ते चिडले. "तुझ्या आईचे हात मला वळखू येणार न्हाईत व्हय? तेवढं काय इसरलो न्हाई अजून. हे वळखीचे न्हवते."

"इतका स्वच्छ स्कॅन आपल्याकडे कधी निघाला नाही, काय केलंस?" मॅडमनी विचारलं. त्यांनी आम्हा पाच जणांचा फरक धरला आणि दोन्ही मापं शेजारी ठेवली. मशीनवर ढकलावं असं काही उरलं नाही. अप्पांचा आजार खरा होता आणि बराच पुढे गेला होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

इंजिनिअर येऊन मशीन तपासून गेला, बिघाड काही नव्हता. मी स्वतः पॅड न लावता आत झोपून पाहिलं. माझी रेष थरथरली, मला कुणी धरलं नाही. या आजारात भास होतात हे मला माहीत आहे. पण भासाने स्क्रीनवरची रेष सपाट होत नाही. वहिनी म्हणाली, माहूरला जाऊन देवीची ओटी भरून या. मी भांडले नाही, गेले. तिथे हात जोडले, पण नक्की काय म्हणावं ते सुचेना.

घर बंद करून अप्पांना आणायला मी एकटीच गेले होते. परतताना एसटीत ते खिडकीशी बसले होते. बराच वेळ बाहेर बघून एकदम म्हणाले, "नांदेडच्या पोरानं कानाला गाद्या लावल्या होत्या. तू लावल्या न्हाईस."

"तू बी इसराया लागलीस काय माय?" त्यांचा चेहरा पार उतरला होता. "आत्ताच दाखवून घे. माझ्यावानी उशीर करू नको."

"हो अप्पा, विसरले," मी म्हणाले.

ते हात कुणाचे, मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी आता कुणाला झापणार नाही. पण पॅड मी विसरले नव्हते, हे अप्पांना त्यांना समजतंय तोवर सांगायला हवं. माझ्याकडे येऊन त्यांना चार महिने झाले. आता नातवंडांची नावं चुकतात, दुपारी जेवलो की नाही ते आठवत नाही... आणि रोज सकाळी न चुकता मला विचारतात, "डॉक्टरला दाखवलंस का गं?"