उतरतं अंगण आणि भावाची सही

आमचं अंगण तळ्याकडे एवढं उतरतं होतं की झाडाचा नारळ पडला तर थेट पाण्यातच जायचा. गावाला त्याची गंमत वाटायची. मला नाही वाटायची. आदल्या पावसाळ्यात बायको कळशी घेऊन त्याच उतारावर घसरली आणि पाचव्या महिन्यात आमचं मूल गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. पावसाच्या आत भराव टाकून अंगण सपाट करायचंच, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

तळं गावाचं, म्हणून ग्रामपंचायतीची परवानगी हवी. चार खेपा झाल्यावर ग्रामसेवक म्हणाला, "शेजाऱ्याची सही आणा, त्याची हरकत नाही म्हणून." शेजारी म्हणजे माझा थोरला चुलत भाऊ. त्याची पानवेलींची वाडी आमच्या अंगणाला खेटून. वेलीच्या मुळाशी पाणी साचलं की वेल कुजते.

"तुजं पानी माज्या वाडीत येल. सही नाय," तो म्हणाला.

"दादा, मी चर खणून देतो."

"आदी खण, मग बोल."

मी चर खणला. त्याने बघितलासुद्धा नाही. मे महिना संपत आला तसा माझा तोल सुटला. एका सकाळी कागद घेऊन मी तरातरा त्याच्या वाडीत शिरलो, पायात चपला तशाच. आमच्याकडे पानाच्या वाडीत चपला घालून कोणी जात नाही. अंघोळीशिवाय वेलीला हात लावत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

त्याची नजर माझ्या पायांवर गेली. मी काही बोलायच्या आत त्याच्या कोयत्याची पाठ माझ्या खांद्यावर बसली. मी भानावर नव्हतोच. हाताला लागली ती वेल ओढली, मग दुसरी, मग अख्खी ओळ आधारासकट आडवी केली. तो किंचाळला. या वेळी पातं आलं आणि माझा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाटला. मी त्याला पाटात पाडलं, मानेवर गुडघा दिला आणि तोंड चिखलात दाबून धरलं. तो तडफडत होता. मेला तर मरू दे, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात बायकोची किंकाळी ऐकू आली. आरडाओरडा ऐकून ती आम्हाला सोडवायला उतारावरून धावत निघाली होती. बांधापाशी पडली होती आणि पोट धरून कण्हत होती.

मी त्याच्या मानेवरचा गुडघा काढला. तोंडातला चिखल थुंकत तोच आधी उठला. माझा एक हात लोंबत होता, म्हणून त्यानेच तिला उचललं आणि मिळेल त्या टेम्पोने आम्ही पालघर गाठलं. मूल वाचलं नाही.

पंधरा दिवसांनी भाऊ दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. हातात सही केलेला कागद होता. "घे बाबा. कर सपाट," म्हणाला आणि रडायला लागला.

मी कागद बायकोला दाखवला. म्हटलं, आता उतार राहणार नाही, पुढच्या वेळी भीती नाही.

तिने तो हातातही घेतला नाही. म्हणाली, "पयलं पोर उतारानं नेलं. ह्ये तुमी दोगांनी नेलं."