पाव, अर्धा, पाऊण, अख्खा चिरा

"हात लावू नको गं. घामाने गंजतो."

कबड्डीच्या सरांनी हे मला सांगितलं तेव्हा तो लोखंडी दांडा माझ्याच हातांनी वर आला होता. दांडा, वजनाच्या चकत्या, बाक, सगळंच. सकाळी टेम्पो शाळेच्या दारात लागला आणि सरांनी मला गणिताच्या तासावरून उठवलं. "ये गं, तू दणकट आहेस." मी हुरळून गेले. अकरावीत होते. कोणी चारचौघांत दणकट म्हटलं की बरं वाटायचं वय.

नवी व्यायामशाळा वरच्या मजल्यावर. बावीस पायऱ्या. वीस किलोची चकती छातीशी धरून मी किती खेपा केल्या ते आता आठवत नाही. टेम्पोवाला चहा पीत बघत होता. म्हणाला, "ह्यां काम बाप्यांचा, गो." मला त्याचाही अभिमान वाटला. मूर्ख होते मी.

दुपारी नारळ फुटला. पेढे वाटले. कबड्डीच्या संघातल्या मुली नव्या टी-शर्टात ओळीने उभ्या राहिल्या, फोटो झाला. मीही त्याच संघातली. उजव्या कोपऱ्यातून पकड करणारी. पण माझा शर्ट लाल मातीने आणि ग्रीसने माखलेला, म्हणून मी फोटोत नको असं ठरलं. कोणी ठरवलं माहीत नाही. ठरलं, एवढंच.

भिंतीवर तक्ता लावला होता. कोणी कुठल्या दिवशी किती वजन उचलायचं त्याचा. कोल्हापूरहून आठ दिवसांसाठी आलेल्या एका प्रशिक्षकाने तो करून दिला होता. त्यात अकरा नावं होती. संघात आम्ही बारा. मी दोनदा वाचला. मग दांड्याला हात लावला, तेव्हा सर ते घामाचं बोलले.

मी म्हटलं, "सर, तक्त्यात माझं नाव नाही."

"तुला कशाला हवी व्यायामशाळा? तुझी चिरेखाण आहे की! तुम्हा लोकांना देवाने जन्मतःच दिलीय ताकद."

सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची मला आजही किळस येते. सरांच्या बोलण्याची येते त्याहून जास्त.

तुम्हा लोकांना. हे दोन शब्द आमच्या वाडीतलं शेंबडं पोरही ओळखतं. आमची बौद्धवाडी. गावातली माणसं पत्ता सांगताना ते नाव घेत नाहीत, पलीकडची वाडी म्हणतात. माझे बाबा आणि आये कसालच्या बाजूला चिरेखाणीवर कामाला. जमिनीतला तांबडा दगड मशीन कापतं, पण कापलेला चिरा मशीन उचलत नाही. तो बाया डोक्यावरून ट्रकपर्यंत नेतात. एक चिरा तीस-पस्तीस किलोचा. रविवारी आणि सुट्टीत मीही जायचे. म्हणून संघात माझं नाव पडलं चिरेवाली. खरं नाव सरांना आठवत असेल की नाही, मला शंका आहे.

आता खरी गंमत ऐका. मी सरांवर विश्वास ठेवला. मला वाटलं, खरंच की, खाण हीच माझी व्यायामशाळा. त्या अकरा जणी वर वजनं उचलतात तर मी इथे जास्त चिरे उचलेन. शनिवारीही जायला लागले. दोन खेपा इतरांपेक्षा जास्त. बायांनी वेड्यात काढलं. मी म्हटलं, मी सराव करतेय.

तीन महिने गेले. एका संध्याकाळी सरावात सानिका चढाईला आली. सानिका संस्थेच्या सचिवांची मुलगी. पोरगी वाईट नव्हती, डबा उघडला की मला पुढे करायची. तिचा घोटा माझ्या हातात आला की खेळ संपलाच असं आधी व्हायचं. त्या दिवशी मी घोटा धरला आणि तिने मला तशीच ओढत मध्यरेषेपर्यंत नेलं. मी मॅटवर पालथी. हातात काही नाही. पुन्हा आली, पुन्हा तेच. तिच्या मांड्या भरल्या होत्या. पहिलं पाऊल असं पडत होतं की मी हलायच्या आत ती बोनस रेषा ओलांडून परतलेली असायची. अकराही जणी तशाच झाल्या होत्या. वजन उचलून माणूस जड होतो असं ज्याला वाटतं त्याने त्या मुलींना तेव्हा बघायला हवं होतं. उडत होत्या.

जड झाले होते मी. सर कडेला उभे होते. म्हणाले, "चिरे वाहून वाहून हिचे पाय बसले. हमालाचं अंग हे, खेळाडूचं नव्हे."

तीन महिन्यांपूर्वी खाण आहे म्हणून व्यायामशाळा नको. आता खाण आहे म्हणून खेळाडू नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगणही त्यांचंच आणि नाचायला बंदीही त्यांचीच.

दुसऱ्या दिवशी झाडू मारायच्या निमित्ताने वर गेले. झाडायला मला कोणी अडवत नसे. तक्ता वहीत उतरवून घेतला. सोमवार, बुधवार, शुक्रवार वजन. बैठका पाच झाल्या, की थांबायचं. तीन मिनिटं विश्रांती. पुन्हा पाच. दर आठवड्याला वजन थोडंसंच वाढवायचं. आठ तास झोप. रविवार, पूर्ण विश्रांती. लिहिता लिहिता माझा हात थांबला. त्या अख्ख्या कागदावर सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द विश्रांती होता.

आम्ही वजनाला कधी कमी नव्हतो. आमच्याकडे हा शब्द नव्हता.

मग खाणीवर मी आमच्या बायांकडे नीट बघितलं. डोक्यावर चिरा असला की पावलं लहान पडतात. गुडघा वाकवायचा नाही, मान हलवायची नाही, घाई तर मुळीच करायची नाही. घसरलीस तर मेलीस. दिवसभर शरीर फक्त जपून हळू चालायला शिकतं. कबड्डीला नेमकं उलटं लागतं. खाली बसायचं, एका झटक्यात उठायचं, अंगावर आलेलं वजन उलटं ढकलायचं. मी तीन महिने हळू व्हायचा सराव केला होता. मन लावून.

वही बाबांना दाखवली. बाबा चौथी शिकलेले. बोट ठेवून ठेवून वाचलं.

"माका वायच वायच वाढवूक होया, बाबा. एकदम अख्खो चिरो नको."

खाणीवर फुटक्या चिऱ्यांचा ढीग पडलेला असतो, तो कोणाला नको असतो. त्यातले निवडून बाबांनी छिन्नी-हातोड्याने घडवले. कडा घासून गुळगुळीत केल्या, माझे हात सोलू नयेत म्हणून. आठ दिवसांनी मागच्या दारी काजूखाली ओळीने मांडून ठेवले.

"पाव, अर्धो, पाऊण, अख्खो. आता कर काय ता."

चिरा छातीशी कवटाळायचा आणि बैठक मारायची. पाच. मग थांबायचं. सुरुवातीला ती तीन मिनिटं मला बसवत नव्हतं. बसलं की कोणीतरी ओरडेल असं वाटायचं. घरच्याच परसात, घरच्याच काजूखाली. इतकं आत गेलेलं असतं ते.

रविवारचं काय, हा प्रश्न होता. खाण रविवारी चालू. माझ्या वाट्याच्या खेपा कोणी करायच्या?

आये भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आयतवारी तू येव नको. तुझे चिरे मी घेतंय."

"तुझी मान बघ आधी."

"माझी मान आता नव्यान मोडूची नाय. तू झोप."

मी झोपले. हे लिहिताना लाज वाटते, पण झोपले. सानिकाची विश्रांती तिच्या घरात आयती होती. माझी आयेच्या डोक्यावरून यायची.

चार महिने गेले. अख्ख्या चिऱ्यावर पाव चिरा गोणपाटात बांधून मी पाच बैठका मारत होते. सरावात सानिका चढाईला आली. मी घोटा धरला, गुडघे वाकवले आणि नुसती उभी राहिले. ती ओढत राहिली. मी हललेच नाही. मॅटवर पडल्या पडल्या ती हसत म्हणाली, "तुझी पकड सुटणा नाय गो आता. काय खातंस?"

सरांनी वहीत काहीतरी खरडलं फक्त.

जिल्ह्याच्या संघाची निवड कसालच्या मैदानावर होती. तिथे निवड झाली की पुढे राज्य, राज्यातून खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी. आमच्या वाडीतून तोवर कोणी तिथपर्यंत गेलेलं नव्हतं. बाबांनी खाणीवर सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आयेने माझे बूट राखेने घासून पांढरे केले होते.

आम्ही पोचलो तेव्हा मॅटचा टेम्पो उभा होता. उतरवायला माणसं आली नव्हती. अकरा जणी धावायला लागल्या, अंग गरम करायला. मीही त्यांच्यामागे धावले.

"ए चिरेवाली. तू कुठे चाललीस? मॅट उतरव आधी."

मी थांबले. सरांशी मी नेहमी शाळेतलं मराठी बोलायचे, जपून, चुका टाळून. त्या दिवशी तोंडातून घरचंच निघालं.

"सर, मी खेळूक इलंय. मॅट उतरवूक नाय."

सरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"काय म्हणालीस?"

"मी उतरवूचंय नाय."

सानिका धावायची थांबली आणि टेम्पोकडे आली. एका मॅटचं टोक तिने धरलं. तिच्या मनात काय होतं मी कधी विचारलं नाही. सर धावले तिच्याकडे. "तू नको गं सानिका! कंबर धरेल. खेळायचंय ना तुला आता?"

कंबर धरेल.

तिची धरेल. माझी धरत नाही. वजनाने कंबर धरते, सामन्याआधी अंग जपावं लागतं, हे सरांना सगळं ठाऊक होतं. त्यांना शास्त्र येत होतं. माझ्या बाबतीत त्यांचं अज्ञान नव्हतंच कधी. ज्या दिवशी मी बावीस पायऱ्या चढत होते त्याही दिवशी त्यांना सगळं माहीत होतं. ताकापुरती आजी होते मी. ताक प्यायल्यावर आजीला कोण विचारतो.

मी मैदानाच्या कडेला जाऊन एकटीच अंग गरम करू लागले. बूट मॅटसाठी राखून अनवाणी धावले, बैठका मारल्या, घाम आला. सामना सुरू झाला. मी बाकावर. मध्यंतर झालं. मी बाकावर. उजव्या कोपऱ्यात दुसरीच मुलगी, आणि समोरच्या चढाईवाल्या तिथूनच गुण नेत होत्या. सरांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. संध्याकाळी निवड झालेल्यांची नावं वाचली. माझं असायचं कारणच नव्हतं. जी खेळलीच नाही तिला कोण निवडणार?

घरी आयेने विचारलं नाही. बूट बघितले. कोरे होते. मला वाटलं ती म्हणेल, उतरवायचे होतेस चार मॅट, काय गेलं असतं तुझं. ती म्हणाली, "बरा केलंस." आणि पाठ फिरवून भांडी घासायला बसली. भांड्यांचा तो आवाज आठवला की मला अजून वाईट वाटतं.

याला तेरा वर्षं झाली. मी तारकर्लीला एका लॉजवर काम करते, रोज जाऊन-येऊन. आयेला डावा हात खांद्याच्या वर नेता येत नाही, बोटांना मुंग्या असतात. डॉक्टर म्हणाला मानेतली नस. तिचे केस मी विंचरते. ते रविवार मी कधी विसरत नाही.

बाबांचे चिरे अजून काजूखालीच आहेत. संध्याकाळी वाडीतल्या दहा मुली येतात. भिंतीवर तक्ता आहे, दहाही जणींची नावं आहेत. पाव चिऱ्यापासून सुरुवात. पाच झाल्या की मी ओरडते, बसा! नव्या पोरी बसत नाहीत, कावऱ्याबावऱ्या उभ्या राहतात. त्यांना बसायला शिकवणं हेच सगळ्यात अवघड काम आहे.

परवा शाळेचा शिपाई आला. सर आता संस्थेवर आहेत.

"सरांचो निरोप आसा. आयतवारी नवीन मशिनां येतत. तुझी चेडवां दणकट आसत म्हणतत. चार जणींका धाड."

मी म्हटलं, "सरांका सांगा, आयतवारी आमच्या चेडवांका विश्रांती. सोमवारी येतंव."

तो मान डोलवून गेला. त्याला वाटलं टेम्पो सोमवारी रिकामा करू.

व्यायामशाळेच्या दारावर पाटी आहे, तेव्हाही होती. शासनाच्या निधीतून. सर्व खेळाडूंसाठी खुली. सोमवारी पाच वाजता आम्ही अकरा जणी त्या बावीस पायऱ्या चढणार आहोत. रिकाम्या हातांनी. दहा नावांचा तक्ता माझ्या पिशवीत असेल, तो त्यांच्या तक्त्याशेजारी लागेल. कुलूप असलं तर पायरीवर बसू, बुधवारी परत येऊ, शुक्रवारी परत येऊ.

आणि दार उघडलं की तो दांडा सगळ्यांत आधी मी धरणार आहे. पायऱ्या चढून हात घामेजलेले असतील. गंजला तर गंजू दे.