ड्रॉइंग मास्तरांचं सहावं सोंग

ड्रॉइंग मास्तर ज्याचं सोंग घ्यायचे, त्याच्याच घरून टोपी मागून आणायचे. 'हाव' नावाचा त्यांचा खेळ होता. एकटे मास्तर, एकामागून एक पाच हावरट माणसं, आणि बाजूला तबला-पेटी. अमरावतीत कुणी पंगतीतले लाडू उपरण्यात बांधणारा असो, की प्रत्येक सभेचं अध्यक्षपद मागणारा, मास्तर त्याच्याकडे जाऊन म्हणायचे, "भाऊसाहेब, नाटकासाठी तुमची टोपी पाह्यजे होती." तो खुशीने द्यायचा, खेळाला पुढे बसायचा आणि शेजाऱ्याला कोपराने ढोसून म्हणायचा, "हे तुह्यावर हाय लेका."

पेटीवर मी. आमच्या घराण्यात वखर सोडून कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि हे मी जरा जास्तच सांगत असे. मास्तर म्हणायचे, "बी.ए.साहेब, सोंग खोटं बोलून राहिलं की पेटी वाजवा. खरं बोललं की हात काढा." पाच सोंगांत माझे हात कधी निघाले नाहीत.

अकोल्याचा खेळ ठरला तेव्हा त्यांनी सहावं सोंग लिहिलं. तिथं जुन्या शहरात त्यांचे थोरले भाऊ राहत. वडिलांच्या शेताच्या वाटणीवरून दोघांत आठ वर्षं अबोला होता. टोपी मागायला मास्तरांनी मला पाठवलं. थोरल्यांनी डोक्यावरची काढून दिली. "ने. पण लोकांसमोर मले हावरा केलं, तं या जन्मात त्याचं तोंड पाहनार नाही म्हना."

चैत्रात, हंगाम संपून बंद झालेल्या कापसाच्या जिनिंगच्या आवारात खेळ झाला. पाच सोंगांना लोक पोट धरून हसले. मग मास्तरांनी भावाची टोपी रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि स्वतःचीच घालून तिच्याशी बोलू लागले.

"दादा, वाटणीचा नकाशा मीच काढला. तू न पाहता सही केली. विहीर माह्याकडे यावी म्हनून मी रेघ वाकवली, आन आठ वर्षं तुलेच खोटं पाडलं."

मी पेटीवरून हात काढले.

प्रेक्षकांत बसलेले थोरले उठून मंचावर आले. टोपी झटकून डोक्यावर घातली. "एवढ्यासाठी नाटक काहून लागलं तुले? घरी येऊन सांगता येत नव्हतं?"

"घरी तू मारलं असतं."

"आताबी मारीन. आधी जेवाले चाल."

त्या उन्हाळ्यात नवा नकाशा झाला. रेघ थोरल्यांनी मारली, तीही वाकडीच आली. मास्तरांनी खाली सही केली. विहीर सामायिक झाली.

पुढे 'हाव' वऱ्हाडभर गाजला, पण पाचच सोंगांचा. लोक सहाव्यासाठी ओरडायचे. मास्तर तोंडाचा रंग पुसत म्हणायचे, "ते ज्याले दाखवाचं होतं, त्यानं पाह्यलं."