चहाला न उठलेल्या बटणकाकू

आमच्या इमारतीत कुणाच्या घरी काय शिजतंय ते जिन्यातल्या वासावरून कळतं आणि काय करपलं ते माझ्याकडून. तेव्हा बटणकाकूंची हकिगत मीच सांगितलेली बरी. दुसरा कुणी सांगायला बसला तर त्यांची उगाच रणरागिणी करून ठेवील.

काकू शर्टांच्या कारखान्यात काजं-बटणांच्या मशीनवर कामाला. इमारतीत कुणाचं बटण तुटलं की शर्ट त्यांच्या दाराच्या कडीला अडकवून जायचं. संध्याकाळी तो बटण लागून आपल्या कडीला परत. मध्ये बोलणं नाही. बोलायचं खातं यजमानांकडे. काका विजेचे मीटर तपासत दारोदार फिरायचे, बातम्या गोळा करायचे आणि घरी येऊन काकूंना सांगायचे. या धंद्यात ते माझे एकमेव प्रतिस्पर्धी. काकू नुसतं ‘हं’ म्हणायच्या. सगळा संसार त्या एका ‘हं’वर झाला.

एका सकाळी काका दाढी करता करता आरशासमोरच कोसळले. अर्ध्या गालाला साबण तसाच. काकूंनी आधी तो साबण पुसला, मग शेजारी हाक मारली. त्या रडल्या नाहीत. आमच्या बायकांनी वाट पाहिली, पाठीवरून हात फिरवून पाहिले, एकीने तर आपणच हुंदके देऊन सुरुवात करून दिली. काकू तिला म्हणाल्या, “पाणी हवंय का तुम्हाला?”

मग त्या पुन्हा कामावर जायला लागल्या. एकदा मशीनची सुई बोटात घुसली, तर म्हणे शेजारणीला विचारलं, “हे रक्त कुणाचं गं?” (कारखान्यातली बातमी माझ्यापर्यंत कशी आली ते विचारू नका.) पानात वाढलं तर जेवायच्या, नाही वाढलं तर तशाच. जिन्यात भेटल्या तर हसायच्या, पण ते हसू सकाळीच चेहऱ्यावर टाचून निघाल्यासारखं.

घरात मुलगा, सून आणि नातू. मुलगा विमा कंपनीत, जिभेने बापावर गेलेला. सून नर्स, पाळ्यांची नोकरी. नातू दिवसभर तळमजल्यावर, सोसायटीच्या खोलीतल्या पाळणाघरात. ते पाळणाघर चालवणाऱ्या मावशींच्या भरवशावर इमारतीतल्या कितीतरी आया कामाला जातात. आणि नेमका त्याच खोलीवर आमच्या सेक्रेटरींच्या मेहुण्याचा डोळा. त्याला टायर ठेवायला गोदाम हवं होतं.

काकूंच्या घरी मुलाने आधीच निकाल दिला. “खोली गेली तर गेली. आई आहेच की घरी. किती दिवस त्या मशीनवर बसणार? आता तिला आराम.”

“अहो, पण त्यांना विचारलंत का?” सूनबाई म्हणाली.

विचारलं. काकू म्हणाल्या, “मशीनवर बरं असतं. तिथे कुणी काही विचारत नाही.”

मुलाला बापाच्या काळापासून फक्त ‘हं’ ऐकायची सवय. त्याने हेही ‘हं’च ऐकलं.

आता आमच्या सोसायटीच्या सभेची रीत सांगतो. पुढच्या खुर्च्या पुरुषांच्या. मागच्या बायकांच्या, म्हणजे चहाच्या खोलीच्या दाराला लागून. सेक्रेटरी आधी मागच्या सभेचा वृत्तांत वाचतात, तो अशा सुरात की मावशींनी त्यांना पोरं निजवायला कामावर ठेवावं. तो संपला की बायका उठून आत जातात. आत कपबश्यांचा खणखणाट सुरू झाला की बाहेर ठराव मंजूर होतात. चहा घेऊन बाहेर यावं तर सगळं ठरून गेलेलं. पाणी सोडायची वेळ अशीच ठरली, गच्चीला कुलूप असंच लागलं. हे कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही. मी चहाड्या सांगतो, आरोप करत नाही. नियम असा की एका घराला एकच हात. तो बाईचा की पुरुषाचा, हे कुठे लिहिलेलं नाही. पण एका हातात गाळणं आणि दुसऱ्यात पातेलं असलेल्या बाईने तिसरा हात आणावा कुठून?

चहाच्या खोलीची सूत्रं काकूंकडे. त्या उठल्या की बाकीच्या उठायच्या.

गोदामाचा ठराव ज्या सभेत होता, तिथेही वृत्तांत संपला. सेक्रेटरींनी चष्मा पुसला. बायका चुळबुळल्या, पण उठेना कुणी, कारण काकू उठल्या नव्हत्या. त्या भिंतीवर फिरणारी पंख्याची सावली बघत होत्या.

“काकू,” सेक्रेटरी साखर पेरत म्हणाले, “चहाचं बघताय ना?”

“हं,” काकू म्हणाल्या आणि बसून राहिल्या.

सेक्रेटरींची बायको दोघी-तिघींना घेऊन लगबगीने आत गेली. आतून भांडी वाजली. “काकू, साखरेचा डबा कुठाय हो?” “पूड किती घालू?” काकू सावलीच बघत होत्या. शेवटी त्या हातात चमचे घेऊन दारात आल्या. “बरं वाटत नाही का?” “चक्कर येते का?” अशा सगळ्या काकूंभोवती गोळा.

आमचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, त्यांची औषधाची वेळ टळत होती. ते कावले. “अहो, चहा राहू द्या! ठराव घ्या, मला घरी जायचंय.”

सेक्रेटरींचं तोंड टायरातली हवा गेल्यासारखं झालं. पण करतात काय? ठराव वाचला. मंजूर म्हणणारांचे हात पुढच्या रांगेतून पटापट वर गेले. त्यात काकूंच्या मुलाचाही. गोदामाचा विमा त्याच्याकडे येणार होता असं लोक म्हणतात, मी नाही म्हणत.

“नामंजूर कुणाला?”

काकूंनी हात वर केला.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. “एका घराचे दोन हात कसे? घर नावावर कुणाच्या?”

“काकूंच्या,” पाळणाघराच्या मावशी म्हणाल्या. “काकांनी सगळ्या इमारतीला सांगून ठेवलं होतं.”

मुलगा खुर्चीतच मागे वळला. कान लालभडक. “आई, हात खाली घे.”

“दुखत नाहीये,” काकू म्हणाल्या.

“दुखायचा प्रश्न नाही गं! काय चाललंय ते कळतंय का तुला?”

“पाळणाघर बंद करायचंय. मग मला कारखाना सोडावा लागेल. मला नाही सोडायचा.”

बाहेर ऊन आहे, असं सांगावं त्या आवाजात. डोळे कोरडे, हात तसाच वर, कुणीतरी उचलून विसरून गेल्यासारखा.

मग आतून बाहेर आलेल्या मास्तरीणबाईंनी हात वर केला, चमच्यासकट. त्यांच्या यजमानांचा हात ‘मंजूर’वाल्यांत होता. “अहो, खाली घ्या तो. एका घराला एकच.”

“अगं, पण घर माझ्या नावावर—”

“आणि संध्याकाळचा स्वयंपाक?”

यजमानांचा हात मांडीवर आला. हशा पिकला आणि त्या हशातच मागचे हात वर, पुढचे हात खाली, असं सुरू झालं. आत चहा उतू गेल्याचा वास सुटला, तरी कुणी हललं नाही. एक सेक्रेटरींची बायको तेवढी गॅस बंद करायला गेली. बिचारीला सभा संपल्यावर त्याच घरात जायचं होतं.

ठराव पडला. काकूंचा हात अजून वरच. मावशींनी जाऊन तो धरला आणि हळूच त्यांच्या मांडीवर आणून ठेवला. “झालं काकू. वाचवलंत आम्हाला.”

“मी?” काकू म्हणाल्या.

पुढे पाणी सोडायची वेळ बदलली, गच्ची उघडली आणि निवडणुकीत मास्तरीणबाई सेक्रेटरी झाल्या, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी जिन्यात काय झालं ते फक्त मला ठाऊक, कारण मी तिथे उगाच रेंगाळत होतो.

“चार लोकांत माझं नाक कापलंस,” मुलगा म्हणाला.

काकूंनी खरोखरच त्याच्या नाकाकडे पाहिलं. “आहे की,” म्हणाल्या. मग म्हणाल्या, “उद्या तिची सकाळची पाळी आहे. बाळाला खाली तू सोड. मला लवकर निघायचंय.”

“मी? मला काय कळतं त्यातलं?”

“दूध बाटलीत. बाटली पिशवीत. पिशवी हातात.” आणि त्या वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या उतरला. एका काखेत पोर, दुसरीत ऑफिसची बॅग, पिशवी दातांत धरायचीच काय ती बाकी. पोराने रडून जिना डोक्यावर घेतलेला. फाटकापाशी काकू कारखान्याच्या बसची वाट बघत उभ्या होत्या. त्यांना पाहताच पोराने दोन्ही हात पसरले.

“आजी कामाला चालली, टाटा कर,” मावशी त्याला घेत म्हणाल्या.

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. आता आत काहीतरी हलेल म्हणून थांबल्या असाव्यात. मुलगाही थांबला, मावशीही. काही हललं नाही. बस आली. काकू चढल्या, मिळाली त्या जागेवर बसल्या आणि बस कारखान्याकडे निघाली.