माझ्या मोबाइलवर आलेला तिचा होकार

आरमोरीच्या प्रशिक्षणात साहेबांनी तीनदा सांगितलं, की आता रुग्णाच्या नोंदीला कुलूप आहे. नोंद उघडायची तर रुग्णाच्या मोबाइलवर कोड येणार, तो त्याने दिला तरच ती उघडणार. कोणाच्या परवानगीने उघडली हे ब्लॉकचेनवर कायमचं राहणार, कलेक्टर आले तरी पुसता येणार नाही. आम्ही नर्सबाया जेवणाची वाट पाहत माना डोलावत होतो.

धानोऱ्याकडच्या माझ्या उपकेंद्रात परतले आणि पहिल्याच दिवशी अडले. बायांकडे मोबाइल कुठे? घरात एक, तो नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा तेलंगणात मिरची तोडायला. वरून रोज विचारणा, किती नोंदी झाल्या? शेवटी बायांच्या मोबाइलच्या रकान्यात मी माझाच नंबर टाकत सुटले. एवढी अक्कल पाजळली नि मोकळी झाले.

त्यातलीच एक पोरगी, लग्न ठरलेली. तिला सिकलसेल, रक्तातून चालत आलेला आजार. नोंद करताना हळूच म्हणाली, "बाई, सासरी कोणाले सांगू नोका. मी सोताच सांगन."

लग्नानंतर काही महिन्यांनी, ऐन लसीकरणाच्या गर्दीत, चंद्रपूरच्या कुठल्याशा दवाखान्यातून फोन आला. "कोड आला असेल, सांगा लवकर." नाव तिचंच होतं. 'जरा पोरीला फोन द्या' एवढंच म्हणायचं होतं. मी कोड सांगून टाकला. थकले होते, दुसरं कारण नाही, आणि हे कारण मला पुरत नाही.

तिची साधी तपासणी होती. डॉक्टरांनी नोंद वाचली ती सासूच्या देखत. महिनाभरात पोरगी एकटीच माहेरी आली.

मी साहेबांना विचारलं, तिची परवानगी नव्हती, तेवढं दुरुस्त होईल का? म्हणाले, "सिस्टर, तिथे 'रुग्णाने परवानगी दिली' असं आहे. ते आता बदलत नाही." त्यांचं काही चुकलं नव्हतं. कुलूप चांगलंच होतं.

परवा ती उपकेंद्रात आली. एक साधा मोबाइल टेबलावर ठेवून म्हणाली, "बाई, आता माहा नंबर टाका." मी टाकला. पण नंबर बदलायलाही परवानगीचा कोड जुन्याच नंबरावर येतो. माझा मोबाइल वाजला आणि सवयीने मी आकडे दाबायला लागले.

तिने माझ्या मोबाइलवर तळहात ठेवला. "पयले मले विचारा."

मी विचारलं. इतक्या बायांच्या नोंदी केल्या, पण हा प्रश्न तोंडाने पहिल्यांदाच विचारत होते.